यादी नसलेलें जाळें

एका ठिकाणीं बोलावें आणि तें हजारों घरांत त्याच क्षणीं ऐकूं यावें, ही रेडिओची किमया आतां कोणासच नवलाची राहिलेली नाहीं. परंतु या किमयेंतच तिचें मर्मस्थानही आहे. ऐकणारे कितीही असोत, बोलणारें यंत्र एकच असतें. आणि तें ज्याच्या हातीं लागलें त्याच्या हातीं सर्वच लागलें. १९४२ सालच्या ऑगस्टांत मुंबईस ‘काँग्रेस रेडिओ’ या नांवानें जें गुप्त ध्वनिक्षेपण सुरू झालें, त्याची हकीकत या दृष्टीनें पाहण्यासारखी आहे. ९ ऑगस्टच्या पहाटें पुढाऱ्यांना पकडून नेल्यावर वर्तमानपत्रांच्या तोंडाला कुलूप पडलें होतें. अशा वेळीं उषा मेहता ही बाविशींतील विद्यार्थिनी आणि तिचे मोजके सहकारी ४२.३४ मीटरांवरून देशांतील बातम्या सांगूं लागले. यंत्र एका जागीं ठेवणें धोक्याचें, म्हणून तें या घरांतून त्या घरांत हलविलें जाई. इतकी दक्षता घेऊनही १२ नोव्हेंबर १९४२ रोजीं तें पकडलें गेलें. कारण साधें होतें. यंत्राची जागा ठाऊक असलेल्या एका तंत्रज्ञाकडून ती पोलिसांना कळली. त्या माणसाला एकच गोष्ट माहीत होती. पण ती एकच गोष्ट म्हणजे सर्वस्व होतें.

याच सुमारास कृष्णा, कोयना आणि वारणा यांच्या कांठीं अगदीं निराळ्या जातीचें दळणवळण उभें राहत होतें. त्याला यंत्र नव्हतें, कचेरी नव्हती, सभासदांची वही नव्हती. मुंबईचें यंत्र अडीच-तीन महिने बोललें. हें जाळें १९४६ पर्यंत टिकलें. असें कां झालें, हें समजण्यास आधीं तो मुलूख डोळ्यांपुढें आणला पाहिजे.

तेव्हांचा सातारा जिल्हा आजच्याहून मोठा होता. वाळवें, शिराळें, तासगांव, खानापूर हे आज सांगलीकडे असलेले तालुके त्यांत मोडत. १९४९ सालीं त्याचे उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन जिल्हे झाले, आणि दक्षिणेकडील जिल्ह्याला १९६० सालीं सांगली हें नांव मिळालें. शिवाय या प्रदेशाला संस्थानांचीं ठिगळें लागलेलीं होतीं. सांगली शहर पटवर्धनांचें, कुंडल औंधच्या पंतप्रतिनिधींचें, फलटण निंबाळकरांचें. लग्नाला, बाजाराला किंवा यात्रेला निघालेला शेतकरी दिवसांतून दोन राज्यांच्या सीमा सहज ओलांडी. पाठलाग करणाऱ्या फौजदाराला मात्र प्रत्येक हद्दीपाशीं थबकून विचार करावा लागे.

आरंभीं येथील लोकांनीं उघडा मार्गच धरला होता. ३ सप्टेंबर १९४२ रोजीं तासगांवच्या कचेरीवर मोर्चा गेला आणि तेथें तिरंगा चढला. पण ९ सप्टेंबरला वडूज येथें आणि दुसऱ्या दिवशीं इस्लामपूर येथें पोलिसांनीं गोळ्या झाडल्या आणि माणसें जागच्या जागीं पडलीं. मोर्चा म्हणजे सर्वांनीं सर्वांना दिसणें. त्यांतच त्याचें बळ असतें; पण समोर बंदुका आल्या कीं तेंच बळ घाताला कारण होतें. पुढील महिन्यांत कार्यकर्ते दिसेनासे झाले, आणि १९४३ च्या मध्यास ‘प्रतिसरकार’ आकाराला आलें. १९३० सालीं तलाठ्याची नोकरी सोडून चळवळींत आलेले नाना पाटील हे त्याचे सर्वांत मोठे पुढारी. कुंडलचे जी. डी. लाड, वाळव्याचे नागनाथ नायकवडी, वाईकडचे किसन वीर अशीं पुष्कळ नांवें त्यांच्या जोडीला घेतां येतील. गांवोगांव न्यायदान मंडळें बसलीं, कुंडलच्या बाजूस तुफान सेना उभी राहिली, दरोडेखोरांचा बंदोबस्त झाला, आणि थोड्या खर्चाचीं गांधी-लग्नें लागूं लागलीं. या राज्याला लोक ‘पत्री सरकार’ही म्हणत. त्या नांवामागें तळपायांना पत्रे ठोकल्याची एक भयंकर कथा जोडली जाते. परंतु ‘प्रति’ या संस्कृत शब्दाचें लोकांच्या तोंडीं झालेलें हें रूपांतर असावें, हेंच अधिक संभवनीय. असो.

आतां या जाळ्याची घडण पाहूं. समजा, कुंडलकडील एक निरोप शिराळ्याच्या डोंगरांत पोहोंचवावयाचा आहे. ज्याच्याजवळ निरोप आहे त्याला डोंगरांतला माणूस कोण, हें ठाऊक नसतें, आणि ठाऊक असण्याचें कारणही नसतें. त्याला एवढेंच माहीत असतें, कीं पुढच्या गांवीं आपला एक पाहुणा आहे आणि त्याच्या जिभेवर व काळजावर आपला भरंवसा आहे. निरोप तेथें जातो. तो पाहुणा आपल्या भरंवशाच्या एकाला गांठतो. तो आणखी एकाला. असे पांच-सहा हात बदलून निरोप इष्ट स्थळीं येतो. चौथ्या हाताला पहिला हात माहीत नसतो. मध्येंच कोणी पकडला गेला, त्याला मार बसला, आणि देहधर्मानें तो बोलून गेला, तरी तो सांगून सांगून किती सांगेल? मागचा एक आणि पुढचा एक. त्या दोघांना सावध करून दुसऱ्या ठिकाणीं हलविलें, कीं साखळींतील तेवढा एक दुवा तुटतो. बाकीची साखळी दुसऱ्या वाटेनें जोडतां येते. आणखी एक सूक्ष्म गोष्ट अशी, कीं निरोप आणणाऱ्याकडे पाहून तो निरोप त्याचाच आहे कीं दुसऱ्या कोणाचा आहे, हें घेणाऱ्यालाही सांगतां येत नाहीं. देणारा आणि नुसता पोहोंचविणारा यांच्यांत बाहेरून भेद दिसत नाहीं, हेंच दोघांचें कवच.

ही युक्ति त्या मुलखांतील लोकांनीं कोणत्या ग्रंथांत वाचली नव्हती. परंतु पुढें अर्ध्या शतकानंतर संगणक तारांनीं जोडले गेले तेव्हां तोच प्रश्न पुन्हां उभा राहिला, आणि त्याचें उत्तरही जवळजवळ तेंच निघालें. १९९९ सालीं अमेरिकेंत नॅपस्टर नांवाची एक सोय निघाली. लोक आपापल्या संगणकांतील गाणीं परस्परांना परभारें देत. मात्र कोणाजवळ कोणतें गाणें आहे याची सूची एका मध्यवर्ती ठिकाणीं ठेवलेली असे. हक्कदारांनीं दावा लावला, न्यायालयानें हुकूम केला, आणि २००१ सालीं ती सूची बंद पडतांच सर्व व्यवहार थांबला. तेथें कायदा कोणाच्या बाजूस होता हा प्रश्न वेगळा. यंत्ररचनेच्या दृष्टीनें पाहतां काँग्रेस रेडिओचें जें मर्मस्थान तेंच नॅपस्टरचें. त्यानंतर निघालेल्या कित्येक जाळ्यांनीं मध्यवर्ती सूची टाकून दिली. पण त्यांत कोणीही अनोळखी संगणक येऊन शेजारी बसूं शके, आणि शेजारी बसला कीं पाहूं शके. म्हणून कांहीं जाणत्यांनीं आणखी एक पाऊल पुढें टाकलें. ज्याला मनुष्य प्रत्यक्ष ओळखतो त्याच्याच संगणकाशीं आपला संगणक जोडावयाचा, इतरांशीं नाहीं. अशा रचनेला ‘मित्र ते मित्र’ जाळें हें नांव डॅन ब्रिकलिन यानें २००० सालीं दिलें. इयन क्लार्क या एडिंबरोच्या विद्यार्थ्याच्या कल्पनेंतून निघालेल्या फ्रीनेट या जाळ्यांत २००८ पासून तशी सोय झाली. मागणी एका मित्राकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे जाते, आणि मध्यें बसलेल्याला ती मूळ कोणाची हें कळत नाहीं. सातारकडच्या निरोप्याला ही रचना समजावून सांगण्यास फार वेळ लागला नसता.

मात्र येथें एक शंका सहज उद्भवते. प्रत्येकजण जर आपल्या चार-दहा माणसांनाच ओळखतो, तर निरोप दूर पोहोंचतो तरी कसा? स्टॅन्ली मिलग्रम या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें १९६७ च्या सुमारास याची परीक्षा पाहिली. देशाच्या मध्यभागांतील नेब्रास्कासारख्या प्रांतांतील लोकांना त्यानें पत्रें दिलीं आणि तीं बोस्टनकडील एका अपरिचित गृहस्थाला, केवळ ओळखीच्या हातांनीं, पोहोंचवावयास सांगितलें. जीं पत्रें पोहोंचलीं त्यांना मध्यें सरासरीनें पांच-सहा हात लागले. जग लहान आहे, असें त्यावरून सर्वत्र सांगितलें जातें. पण बहुसंख्य पत्रें पोहोंचलींच नाहींत, हा त्या प्रयोगाचा अर्धा भाग सांगावयाचा राहून जातो. कोणीतरी कंटाळला, कोणाला पुढचा माणूस सुचला नाहीं, आणि पत्र तेथेंच पडून राहिलें. ओळख असणें निराळें आणि त्या ओळखीनें काम करणें निराळें.

शिवाय ओळखी सर्वत्र सारख्या विखुरलेल्या नसतात. माझा मित्र आणि त्याचा मित्र हे बहुधा परस्परांनाही ओळखतात, असा व्यवहारांतला अनुभव आहे. गांवांत तर ही गोष्ट अधिकच खरी. एका भावकींतील वीस माणसें एकमेकांनाच वीस वेळां ओळखतात. तेवढ्यानें निरोप गांवाच्या शिवेबाहेर जात नाहीं. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यानें १९७३ सालीं दाखविलें, कीं दोन समूहांना जोडणारे पूल बहुधा सैल, वरवरच्या ओळखींचे असतात. हा सिद्धान्त शहरांतील नोकरी शोधणाऱ्यांना लागू पडतो. परंतु वरवरच्या ओळखीवर कोणी पिस्तूल सोपवीत नाहीं. कृष्णाकांठीं या अडचणीचा परिहार दुसऱ्याच एका गोष्टीनें झालेला होता, आणि ती गोष्ट म्हणजे सोयरीक.

मुलगी गांवांतल्या गांवांत सहसा देत नाहींत. ती दहा-वीस कोसांवर जाते, बहुधा दुसऱ्या तालुक्यांत, आणि त्या वेळीं पुष्कळदां दुसऱ्या संस्थानांतही. तिच्या पाठोपाठ दोन भावकींत असा एक पूल पडतो, कीं जो दूरचा असूनही बळकट असतो. सासरीं-माहेरीं जाणें-येणें हें तर कोणाच्याही डोळ्यांवर न येणारें. डोक्यावर पाटी, कडेवर मूल, आणि पाटींत भाकरीच्या फडक्याखालीं काय आहे हें कोण पाहणार? सणाला निघालेल्या माहेरवाशिणीची झडती घेण्याचें धैर्य, त्या काळांत, शिपायालाही सहज होत नसे. प्रतिसरकारच्या इतिहासांत पुरुषांचीं नांवें ठळक आहेत. पण जाळें या शब्दाचा खरा अर्थ पाहतां त्याचे लांब धागे पुष्कळ अंशीं स्त्रियांच्या हातीं होते, असें म्हणणें भाग आहे. कासेगांवच्या इंदुताई पाटणकर तरुण वयांतच या कामांत पडल्या. नाना पाटलांच्या कन्या हौसाबाई यांनीं एका पोलीस चौकीपुढें घरगुती भांडणाचें आणि मारहाणीचें असें हुबेहूब सोंग आणलें, कीं शिपाई सोडवावयास बाहेर आले आणि सोबत्यांनीं आंतील बंदुका उचलल्या. पुढें १९४४ सालीं गोव्यांतील एका कामगिरीवरून परततांना त्या रात्रीच्या वेळीं एका लांकडी पेटीच्या आधारानें मांडवी पोहून गेल्या.

गोवा हें एक टोंक झालें. दुसरें टोंक खानदेशांत दिसतें. १४ एप्रिल १९४४ रोजीं धुळ्याकडील चिमठाणे येथें सरकारी खजिन्याची मोटार अडवून सुमारें साडेपांच लाख रुपये नेण्यांत आले. त्यांत जी. डी. लाड आणि नागनाथ नायकवडी हे सातारा जिल्ह्याकडील लोक होते. शेणोलीजवळ ७ जून १९४३ रोजीं पगाराची रक्कम नेणारी आगगाडी तुफान सेनेनें अडविली, ती गोष्ट घरच्या अंगणांतली. पण चिमठाण्याला वाट दाखविणारा, निवारा देणारा आणि तोंड मिटून बसणारा माणूस शेंकडों मैलांवर पाहिजे होता. तो तेथील कार्यकर्त्यांत मिळाला.

या जाळ्याला भोंकें नव्हतीं असें नव्हे. २४ जुलै १९४३ रोजीं वसंतदादा पाटील आणि त्यांचे सोबती सांगलीचा तुरुंग फोडून भर दिवसां बाहेर पडले. पाठलाग झाला. अण्णासाहेब पत्रावळे व बाबूराव जाधव यांना मरण आलें. दादा गोळी लागून जखमी झाले व पुन्हां पकडले गेले. तुरुंगाची भिंत ओलांडली तरी तेथून भरंवशाच्या पहिल्या दारापर्यंतची जमीन उघडीच असते, आणि ती ज्याची त्यालाच धांवून पार करावी लागते. पुढील वर्षीं, १० सप्टेंबर १९४४ रोजीं, नागनाथ नायकवडी साताऱ्याच्या तुरुंगांतून निसटले. त्यांना तें दार गांठतां आलें.

दुसरें भोंक याहून खोल आहे. भूमिगत झालेले यशवंतराव चव्हाण १९४३ च्या उन्हाळ्यांत पकडले गेले ते फलटणास, पत्नी वेणूताई आजारी असल्यामुळें त्यांना भेटावयास गेले असतां. फलटण हें वेणूताईंचें माहेर. यासाठीं पोलिसांना कोणाची फितुरी लागत नव्हती, लहरींचा माग काढावा लागत नव्हता, किंवा जाळ्याचा नकाशाही हवा होता असें नव्हे. मनुष्य आजारी पत्नीकडे जाईल, हें कोणत्याही हवालदाराला कळतें. सोयरीक हा जसा सर्वांत बळकट धागा, तसाच तो सर्वांत ठळकही. भरंवसा जितका स्वाभाविक, तितका तो शत्रूला अगोदर दिसतो. संगणकाच्या जाळ्यांतही हीच अडचण आहे. निरोपांतील मजकूर कितीही कुलुपांत घातला, तरी कोण कोणाचा मित्र आहे हें ज्याला बाहेरून कळलें त्याला अर्धें उत्तर मिळालेलें असतें.

अशा रचनेची किंमत आणखीही एका ठिकाणीं द्यावी लागते, आणि ती किंमत नेहमीं आंतल्यांनाच द्यावी लागते असें नाहीं. ज्याची कोणाशीं ओळख नाहीं त्याला येथें दारच नसतें. परगांवचा, एकटा, कोणाच्या भावकींत न बसणारा मनुष्य आपला सच्चेपणा सिद्ध तरी कसा करणार? उलट ज्याच्याशीं जुनें वैर आहे त्याच्याबद्दलचा संशय याच साखळीनें हातोहात पुढें जाऊं शकतो. शेताच्या बांधावरून भांडण झालेल्या शेजाऱ्याला खबऱ्या ठरविणें अवघड नसतें. प्रतिसरकारनें खबऱ्यांना आणि दरोडेखोरांना कठोर शासन केलें. तळपायांवर काठ्या बसल्या, कित्येकांचे जीवही गेले. त्यांत खरोखर अपराधी किती, हें प्रत्येक गांवानें आपापल्या पंचांच्या विवेकावर सोंपविलेलें होतें, आणि त्यावर अपील नव्हतें. भरंवसा एका हातापुरता पक्का असतो. दुसऱ्या हातापर्यंत तो ऐकीव होतो, आणि तिसऱ्यापर्यंत नुसती वदंता. निरोपाच्या बाबतींत यानें फारसें बिघडत नाहीं, कारण निरोप पोहोंचला कीं काम झालें. आरोपाच्या बाबतींत मात्र यानें माणसाचें आयुष्य बिघडतें.

१९४६ सालीं नाना पाटील प्रकट झाले, सभांना हजारों लोक लोटले, आणि जाळें आपोआप विरून गेलें. त्याचें कांहीं मोडावयाचें नव्हतें, कारण मांडलेलें असें कांहीं नव्हतेंच. यादी नाहीं, पावत्या नाहींत, हजेरीपट नाहीं. ही गोष्ट पुढें अगदीं अनपेक्षित रीतीनें आडवी आली. १९७२ सालीं, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षीं, केंद्र सरकारनें स्वातंत्र्यसैनिकांना निवृत्तिवेतन देण्याची योजना काढली. तिला पुरावा हवा होता. तुरुंग भोगला असेल तर तुरुंगाचा दाखला. भूमिगत असाल तर सहा महिन्यांहून अधिक काळ तसे असल्याचें प्रमाण, म्हणजे फरारी ठरविल्याचा हुकूम, पकडण्यासाठीं लाविलेलें बक्षीस, किंवा निघालेलें पण बजावतां न आलेलें स्थानबद्धतेचें फर्मान. थोडक्यांत, मनुष्य सरकारला सांपडला होता, किंवा निदान सरकारला त्याचें नांव सांपडलें होतें, हें दाखविणें आवश्यक ठरलें.

कागद नसतील तर एक पर्याय ठेवलेला होता. ज्यानें स्वतः किमान दोन वर्षें कारावास भोगला आहे अशा नामांकित सैनिकानें, या व्यक्तीचें काम आपणांस प्रत्यक्ष माहीत आहे, असें लिहून द्यावयाचें. म्हणजे जुनीच साखळी आतां मुद्रांकावर उतरली. ज्यांची पुढाऱ्यांशीं प्रत्यक्ष गांठ पडली होती त्यांना हें प्रमाणपत्र मिळण्याची आशा होती. पण रचनाच अशी, कीं बहुतेकांची गांठ पुढाऱ्याशीं पडलेली नसे. ती पडली होती फक्त मागच्या आणि पुढच्या हाताशीं. पाटींत भाकरीखालीं चिठ्ठी घेऊन तीन कोस चालणाऱ्या बाईच्या नांवें वॉरंट निघालें नव्हतें. तें निघूं नये म्हणूनच तर चिठ्ठी तिच्याकडे दिलेली होती. तिला ओळखणारे दोन हात, एक अलीकडच्या गांवचा आणि एक पलीकडच्या. ते स्वतः कधीं तुरुंगांत गेलेले नसले तर त्यांच्या सहीला किंमत नव्हती; आणि १९७२ पर्यंत त्यांपैकीं एखादा गेलेला असला, तर तिनें काय नेलें आणि कोणाला दिलें हें सांगणारें कोणीच उरलेलें नसे.